सोलापुरात शिकायला आल्यावर खानावळ, चहाची टपरी आणि पेठेतली दुकाने कशी निवडावीत

सोलापुरात नव्याने शिकायला आलेला विद्यार्थी पहिल्या पंधरा दिवसांत बहुधा दोन गोष्टी करतो. खोलीच्या सर्वांत जवळ जी मेस असेल तिथे तो महिन्याचे पैसे भरून मोकळा होतो, आणि मोबाइलवर ज्या हॉटेलला सर्वाधिक तारे दिसतील तिथे मित्रांबरोबर एक संध्याकाळ घालवून खिसा हलका करून येतो. पोट दोन्हीकडे भरते. मात्र चार महिन्यांनी हाच विद्यार्थी सकाळी एका गाड्यावर, दुपारी तिसऱ्याच पेठेतल्या खानावळीत आणि रात्री वेगळ्याच टपरीवर दिसतो, आणि ही ठिकाणे त्याला मोबाइलने नव्हे, तर कोणा सीनियरने किंवा स्वतःच्या पायपिटीने मिळवून दिलेली असतात. ते चार महिने महिनाभरावर आणता यावेत, यासाठी हा लेख आहे.

हॉटेलांच्या नावांची लांबलचक जंत्री मी येथे मुद्दाम दिलेली नाही. एकाच मालकाचे, एका खोलीत चालणारे ठिकाण आचारी बदलला की बदलते, मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला की आणखी बदलते, आणि गेल्या वर्षीची यादी यंदा दिशाभूल करते. त्यापेक्षा ठिकाण पारखण्याची रीत हाती असलेली बरी. या रीतीचा गाभा असा की, सोलापुरात ठिकाणाच्या पत्त्याइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. सकाळी आठ वाजता अप्रतिम असणारा गाडा अकरा वाजता अगदी सामान्य होतो, आणि दुपारी ओस पडलेल्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता उभे राहायला जागा मिळत नाही.

पहिली पायरी: शहर पायांनी पाहावे

येथील शिक्षणसंस्था शहरभर विखुरलेल्या आहेत. २००४ मध्ये स्थापन झालेले आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ पुणे रस्त्यावर केगावला, म्हणजे शहराच्या बाहेर आहे. वालचंद अभियांत्रिकी अशोक चौकात, संगमेश्वर महाविद्यालय सात रस्त्याच्या बाजूला, वैद्यकीय महाविद्यालय सिव्हिल हॉस्पिटलला लागून, तर ऑर्किड अभियांत्रिकी तुळजापूर रस्त्यावर तळे हिप्परग्याला आहे. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांचे आवडते ठिकाण’ असे सबंध शहरासाठी एकच नसते. केगावच्या मुलांना जे ठिकाण म्हणजे आठवड्यातून एकदा करायची सफर असते, तेच अशोक चौकातल्या मुलांसाठी दोन तासांमधल्या मोकळ्या वेळात जाण्याजोगे असते. खोली घेताना केवळ महाविद्यालयाचे अंतर मोजले जाते. जेवणाचे अंतरही मोजावे, कारण महाविद्यालयात दिवसातून एकदा जायचे असते आणि जेवायला दोनदा.

पहिल्या आठवड्यात दोन संध्याकाळी आणि एक सकाळ केवळ चालण्यासाठी राखून ठेवावी. पहिल्या संध्याकाळी पार्क चौकातून निघून चार पुतळ्यावरून नवी पेठ, लकी चौक आणि मागे फिरून विजापूर वेस असा फेरा मारावा. १९३१ च्या १२ जानेवारीला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांचे ते पुतळे आहेत. रिक्षावाल्याला मात्र ‘हुतात्मा चौक’ असे सांगण्यापेक्षा ‘चार पुतळा’ म्हटलेले लवकर समजते. दुसऱ्या संध्याकाळी सात रस्ता, विजापूर रस्ता आणि जुळे सोलापूर हा नवा भाग पाहावा. कॅफे, बर्गर-पिझ्झाची छोटी दुकाने आणि अभ्यासिका या बाजूला अधिक सापडतात. सकाळ मात्र पूर्व भागासाठी ठेवावी. अशोक चौक, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, साखर पेठ या पट्ट्यात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती दाट आहे, गल्लीत शिरताच मागांची खटखट कानावर येते, आणि पाट्यांवर मराठीच्या जोडीला तेलुगू अक्षरे दिसतात.

भाषेबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा बाजारात चालतात, आणि दुकानदार एकाच वाक्यात दोन भाषा सहज मिसळतो. पूर्व भागात ‘अण्णा’ आणि ‘अक्का’, विजापूर वेशीत ‘चाचा’, खानावळीत ‘मावशी’ किंवा ‘काका’ असे संबोधन वापरले की बोलणे सोपे होते. समवयस्क सोलापूरकर वाक्याच्या शेवटी ‘बे’ लावतो, त्याचा राग मानू नये; पुण्या-मुंबईकडच्या मुलांना तो सुरुवातीला खटकतो. मात्र हाच ‘बे’ आपण गल्ल्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला लावण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी: खानावळ

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. महिन्याच्या खर्चातला मोठा वाटा इथे जातो, आणि तब्येतही इथेच सुधारते किंवा बिघडते.

येथे जेवणाचे साधारण तीन प्रकार मिळतात. महिना ठरवून दोन वेळ जेवायची मेस, खोलीवर येणारा घरगुती डबा, आणि थाळीप्रमाणे पैसे देऊन जेवण्याची खानावळ. प्रात्यक्षिके किंवा वॉर्डातल्या ड्यूटीमुळे ज्यांच्या जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत त्यांना मेस परवडत नाही, कारण चुकलेली जेवणे बुडतात. त्यांनी डबा घ्यावा. ज्यांना संध्याकाळी बाहेर खाण्याची सवय आहे त्यांनी मेस एकाच वेळेची लावावी. अनेक मेस तशी सोय देतात, परंतु विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

महिन्याचे पैसे देण्यापूर्वी त्याच ठिकाणी किमान तीन वेळा रोख पैसे देऊन जेवावे, आणि त्यातले एकही जेवण रविवारी दुपारचे असू नये. रविवारी बहुतेक मेसमध्ये गोड पदार्थ किंवा मसालेभात असतो, त्यामुळे रविवारचे ताट पाहून मेस लावणे म्हणजे मांडवात पाहून घरची पारख करण्यासारखे आहे. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री, गर्दी ओसरताना, साधारण साडेनऊला जावे. त्या वेळी आमटीत पाणी वाढले आहे का, भाजी तळाची उरली आहे का, आणि भाकरी अजून तव्यावरून येते आहे की दुपारच्या टोपलीतून, हे तिन्ही एकदम कळते.

भाकरी हीच या जिल्ह्यातल्या खानावळीची खरी परीक्षा आहे. जवळच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि रब्बीतली मालदांडी ज्वारी येथे घरोघरी खाल्ली जाते, तेव्हा वाईट भाकरीला सोलापुरात सबब नाही. ताटात आलेली भाकरी हाताने मोडून पाहावी. ताज्या पिठाची भाकरी पापुद्रा धरते, कडेला फारशी चिरत नाही आणि मोडताना आतून वाफ येते. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. तशी भाकरी थापतानाच कडांना भेगाळते, ताटात तिचे तुकडे पडतात, आणि चावल्यावर जिभेच्या मागे किंचित कडवटपणा राहतो. हा कडवटपणा दोनदा जाणवला तर त्या मेसचे पीठ साठवणीचे आहे असे समजून पुढे जावे. याउलट आमटी थोडी तिखट आहे, भाजी रोज वांग्याचीच आहे, ताट जुने आहे, या गोष्टींकडे दुर्लक्ष केलेले चालते.

पैशांची बोलणी करताना काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. खाडे किती धरले जातात, आणि गावी जाताना किती दिवस आधी सांगावे लागते? सलग चार दिवस नसल्यास पैसे वळते होतात की जेवणे पुढच्या महिन्यात जमा होतात? पाहुणा आणल्यास थाळीचा दर काय? मेस महिन्यातून कोणत्या दिवशी बंद असते? आणि कूपन पद्धत असेल तर न वापरलेली कूपने कधीपर्यंत चालतात? उत्तरे तोंडी मिळाली तरी वहीत तारखेसह लिहून घ्यावीत, आणि भरलेल्या पैशांची नोंद मेसवाल्याच्या वहीत आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी.

एका महिन्यापेक्षा अधिक आगाऊ रक्कम कोणालाही देऊ नये. मी पहिल्या वर्षी थोडी सवलत मिळते म्हणून एका मेसला तीन महिन्यांचे पैसे एकदम दिले. लग्नसराई सुरू झाली, आचारी मांडवांच्या कामाला निघून गेला, आणि पाचव्या आठवड्यात दाराला कुलूप लागले. मालक पळून गेला नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु उरलेले पैसे त्याने रोख न देता ‘पुन्हा सुरू झाल्यावर जेवून घ्या’ असे सांगितले, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा माझी परीक्षा संपून मी गावी पोहोचलो होतो. सवलत मिळाली होती ती दोन थाळ्यांएवढी.

मांसाहार करणाऱ्यांनी महिन्याच्या मेसकडून मटणाची अपेक्षा धरू नये. त्यासाठी शहरात सावजी पद्धतीच्या खानावळी आहेत, आणि काळ्या मसाल्यातला रस्सा हे त्यांचे वैशिष्ट्य आहे. तिखटाची सवय नसेल तर सुके मटण आणि अळणी पाणी मागवून सुरुवात करावी, रस्सा वाटीत वेगळा घ्यावा. येथे थाळी शक्यतो दुपारी खावी, कारण रस्सा त्या दिवशीचा असतो आणि तुकडे निवडून मिळतात. चार जणांनी जाऊन दोन सुके आणि दोन रस्सा अशी विभागणी केली की खर्चही आटोक्यात राहतो.

खोलीत एक आणीबाणीचा साठाही असावा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ही जोडी त्यासाठीच जणू तयार झाली आहे. पातळ थापून तव्यावर आणि निखाऱ्यावर पार वाळवलेली ही भाकरी कोरड्या डब्यात कित्येक आठवडे टिकते, आणि मेस बंद असलेल्या रात्री दही व चटणीबरोबर किंवा आमटीत चुरून जेवण होऊन जाते.

तिसरी पायरी: सकाळचा नाश्ता

सकाळच्या पदार्थांत बटाटेवडा, पोहे, उप्पीट आणि इडली-वडा यांचे राज्य आहे. वडा किंवा भजी घेताना गर्दीचा अंदाज घ्यावा, पण केवळ गर्दी असणे पुरेसे नाही. घाणा किती वेळाने उतरतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. जिथे परातीत वडे साचत नाहीत, झाऱ्यातून थेट कागदावर येतात, तिथे खावे. कढईतले तेल काळपट दिसत असेल, त्यावर फेस धरत असेल आणि वास नाकात बसत असेल, तर नाव कितीही मोठे असो, मागे फिरावे. बहुतेक गाड्यांवर तेल सकाळी ताजे घातलेले असते, म्हणूनच पहिल्या तासाभरातला वडा आणि अकरा वाजताचा वडा यांत एवढा फरक पडतो. सोबतची तळलेली मिरची मीठ लावलेली मिळते. ती दोन घासांत संपवण्याची पैज नव्या मुलांबरोबर लावली जाते, आणि ती बहुधा नवा मुलगाच हरतो.

इडलीसाठी पूर्व भागातली सकाळ सोडू नये. मागावर जाणाऱ्या कामगारांच्या वेळेला धरून तिथले गाडे लवकर सुरू होतात आणि लवकर आवरतात. नऊनंतर गेल्यास चटणी उरते, इडली नाही. दक्षिणेकडची सीमा जवळ असल्याने चुरमुऱ्यांचा सुशीला हा पदार्थही या भागात घराघरात होतो, आणि काही गाड्यांवर मिळतो. पोह्यांना कंटाळलेल्यांनी तो विचारून पाहावा.

चहाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या दारातली टपरी प्रत्येकाला आपोआप सापडते. फक्त उधारीची वही टपरीवर ठेवायची असेल तर दर शनिवारी मिटवावी, कारण चहाचे दहा-दहा रुपये महिनाअखेर कोणालाच आठवत नाहीत आणि वाद मैत्रीत होतो. शिवाय रिकामी खोली, जुनी सायकल, विश्वासू गॅरेज, चांगला शिंपी यांची माहिती याच टपरीवर मिळते, तेव्हा चहा पिताना कान उघडे ठेवावेत.

चौथी पायरी: संध्याकाळ, कॅफे आणि त्यापुढचे

संध्याकाळी विद्यार्थ्यांचा ओढा पार्क स्टेडियमजवळच्या गाड्यांकडे, म्हणजे पार्क चौपाटीकडे असतो. पावभाजी, भेळ, डोसा, चायनीज, आइस्क्रीम हे सर्व एकाच रांगेत मिळते, म्हणून वेगवेगळ्या आवडींचे सहा जण एकत्र गेले तरी कोणी उपाशी राहत नाही. येथे एकाच गाड्यावर सगळे मागवू नये. प्रत्येक गाड्याचा हात एकाच पदार्थावर बसलेला असतो. तव्यावर भाजीचा डोंगर असलेल्या ठिकाणी नूडल्स मागितल्या तर चूक गाडेवाल्याची नव्हे. बसायच्या खुर्च्या कोणत्या गाड्याच्या आहेत ते आधी विचारावे, नाहीतर भरलेली बशी हातात घेऊन उठावे लागते.

कॅफेची निवड करताना तिथे कशासाठी जायचे आहे ते ठरवावे. गप्पांसाठी जायचे असेल तर संध्याकाळी सातनंतरचा गोंगाटही चालतो. प्रकल्पाचे काम करायचे असेल तर दुपारी अडीच ते पाच ही वेळ साधावी. सोलापूरच्या उन्हात त्या वेळी गिऱ्हाईक कमी असते, पंख्याखालची किंवा एसीजवळची जागा मिळते, आणि दोन कॉफींवर तीन तास बसले तरी मालकाच्या कपाळावर आठी पडत नाही. लॅपटॉपसाठी प्लग कुठे आहे, वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का, आणि किमान ऑर्डरची अट आहे का, हे बसण्यापूर्वी विचारावे. जोडप्यांसाठी पडदे लावलेल्या केबिन असलेल्या जागा मात्र टाळाव्यात. तिथले पदार्थ महाग आणि निकृष्ट असतात, कारण पैसे आडोशाचे घेतले जातात, आणि पोलिसांची तपासणी झाली तर ओळखपत्र दाखवण्यापासून घरी फोन जाण्यापर्यंतचा मनस्ताप विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

रोजच्या अभ्यासासाठी कॅफे हा उपाय नव्हेच. त्यासाठी महिना भरून बसण्याच्या अभ्यासिका आहेत, आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालयही शहरात आहे. अभ्यासिकेत जागा घेताना आसपास रात्री दहाला चहा आणि काहीतरी खायला मिळते का, हे पाहून ठेवावे. स्पर्धा परीक्षांची मुले जिथे बसतात तिथल्या गल्लीत असे एखादे ठिकाण हमखास तयार होते, आणि ते शहरातल्या सर्वांत स्वस्त व प्रामाणिक ठिकाणांपैकी असते.

मोठ्या शहरांतल्यासारखी पबसंस्कृती सोलापुरात रुजलेली नाही. येथे परमिट रूम आहेत आणि महामार्गांवर ढाबे आहेत. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे, आणि मद्यपानासाठी परवानाही लागतो. म्हणजे पदवीचे बहुतेक विद्यार्थी कायद्याने या यादीच्या बाहेरच आहेत. ढाब्यावर केवळ जेवायला जायचे झाले तरी परतीचे वाहन कोण चालवणार ते आधी ठरवावे. पुणे आणि हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री अवजड वाहनांची रांग असते. मद्यपान करून वाहन चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुटुंबे जेवायला येतात असा ढाबा निवडावा आणि साडेदहाच्या आत परतावे. मुलींच्या वसतिगृहांच्या वेळा याहूनही लवकरच्या असतात, हे गटाने लक्षात घेऊन बेत आखावा.

पाचवी पायरी: दुकाने

झेरॉक्स, स्टेशनरी आणि मोबाइल दुरुस्तीची दुकाने महाविद्यालयाजवळ पुष्कळ असतात आणि त्यांच्यात निवड करण्याजोगे फारसे नसते. जर्नलच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी झेरॉक्सची रांग टाळायची असेल तर फाइल मोबाइलवरून आधी पाठवून ठेवावी, एवढेच. सोलापूरचे वेगळेपण पुढच्या तीन वस्तूंत आहे.

पहिली वस्तू म्हणजे गणवेश. शालेय आणि कामगारांचे गणवेश शिवण्याच्या उद्योगासाठी हे शहर देशभर ओळखले जाते. प्रयोगशाळेचा ॲप्रन, कार्यशाळेचा खाकी ड्रेस किंवा ब्लेझर महाविद्यालयाच्या दारातून तयार घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून एकाच ठिकाणी शिवायला टाकावा. कापड अंगावर धरून उजेडात पाहावे, खिशांची शिवण दुहेरी मागावी, आणि तारीख जी हवी असेल तिच्या चार दिवस अलीकडची सांगावी. शिंपी जगात कुठलाही असो, हा नियम बदलत नाही.

दुसरी वस्तू चादर. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि म्हणूनच बाहेर विणलेल्या चादरीही ‘सोलापुरी’ या नावाने विकल्या जातात. पुलगमसारखी जुनी नावे सर्वांना ठाऊक आहेत, परंतु छोट्या कारखानदारांच्या दुकानांतही उत्तम माल मिळतो, जर पारखता आला तर. चादर उलगडून दोन्ही बाजू पाहाव्यात: जॅकार्डवर विणलेल्या नक्षीचे रंग एका बाजूला जसे असतात तसे दुसऱ्या बाजूला उलटे होऊन दिसतात, तर छापलेल्या नक्षीची मागची बाजू फिकी आणि अस्पष्ट असते. मग चादर घडी घालून तळहातावर तोलावी. सुती चादरीला चांगले वजन असते आणि ती सुरुवातीला थोडी खरखरीत लागते. हाताला रेशमासारखी गुळगुळीत आणि हलकी लागली तर त्यात सुताऐवजी दुसराच धागा असण्याची शक्यता मोठी. कोपऱ्यातली दोन सुते ओढून पाहिली तर दुकानदार रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून दर नीट सांगतो. पहिली धुलाई थंड पाण्यात, मूठभर मीठ टाकून आणि इतर कपड्यांपासून वेगळी करावी, विशेषतः लाल किंवा गडद निळा रंग असल्यास. रूममेटचा पांढरा ॲप्रन गुलाबी झाल्याची घटना मी एका खोलीत पाहिली आहे, आणि तो ॲप्रन दुसऱ्याच दिवशी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला लागणार होता.

तिसरी वस्तू शेंगाची चटणी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ एवढ्याच जिनसा, पण कांडण्यावर सगळे अवलंबून. नमुना मागून चिमूटभर चटणी अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबावी. कांडलेल्या चटणीला तेल सुटलेले असते, म्हणून ती दाबताच गोळा धरते आणि बोटांवर तांबूस तेलाचा ओलावा राहतो. मिक्सरवर कोरडी फिरवलेली भुकटी बोटांतून सुटून खाली पडते. नंतर वास घ्यावा. शेंगदाणा जुना असेल तर लसणाच्या मागून खवट वास येतोच. अर्धा किलो एकदम घेऊ नये, पाव किलो घ्यावी, काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात ठेवावी आणि ओला चमचा कटाक्षाने टाळावा.

बिल वाचण्याची सवय

लहान ठिकाणी बिल मागितले जात नाही, तरी जिथे छापील बिल मिळते तिथे ते वाचावे. साध्या हॉटेलात खाद्यपदार्थांवर जीएसटी पाच टक्के लागतो, एसी असो वा नसो. काही छोटी हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत, असतात; त्यांना गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि ते त्या योजनेत असल्याची पाटी त्यांनी लावायची असते. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, नको असल्यास नम्रपणे काढायला सांगावे. अन्नपरवान्याचा चौदा अंकी क्रमांक भिंतीवर किंवा बिलावर दिसायला हवा. बाटलीबंद पाण्यासाठी साध्या दुकानात छापील किमतीहून जास्त मागितले, आणि बोलूनही ऐकले नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. गाडेवाल्याशी मात्र पाच रुपयांसाठी कायदा बोलू नये. तिथे दर आधी विचारणे हाच कायदा.

सहावी पायरी: वर्षाचे वेळापत्रक

जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक शहरातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालते, होम मैदानावर पाळणे आणि खाद्यपदार्थांची दुकाने लागतात, आणि मध्यवर्ती रस्ते त्या दिवसांत वाहतुकीसाठी बदलले जातात. डबा उशिरा येणार हे गृहीत धरावे, आणि शक्य तर त्या दिवसांत रात्रीचे जेवण यात्रेतच उरकावे. याच थंडीच्या दिवसांत शेतांवर हुरडा पार्ट्या होतात. वर्गातल्या कोणाचे शेत असेल तर पैसे भरून जाण्याच्या ठिकाणापेक्षा तिथे जावे, जाताना शेंगाची चटणी आणि दही घेऊन जावे, आणि हुरडा सकाळी खावा, म्हणजे तो पोटाला जड होत नाही.

रमजानमध्ये विजापूर वेशीत संध्याकाळनंतर मोठी बाजारपेठ फुलते. मगरिबच्या अजानीनंतर अर्ध्या तासाने जावे. त्यापूर्वी दुकानदार स्वतः रोजा सोडत असतो आणि त्याला घाई करणे बरे दिसत नाही. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव असतो, त्या दिवशी तिथला नेहमीचा गाडा सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि शहराचे घड्याळच बदलते. दुपारी एक ते पाच बाजार सुस्तावतो, तर खाण्याची ठिकाणे रात्री उशिरापर्यंत गजबजतात. या काळात उघड्यावरची हिरवी चटणी, कापून ठेवलेली फळे आणि कोणत्या पाण्याचा आहे ते कळत नाही असा बर्फ, हे तीन पदार्थ टाळावेत. मेसमध्ये ताक मिळते का, ते मार्चमध्येच विचारावे. उन्हाळ्यात ताक देणारी मेस चार पैसे जास्त घेत असली तरी मी तिलाच पसंती देईन.

सातवी पायरी: वही

ही सर्व माहिती डोक्यात राहत नाही, म्हणून एक छोटी वही करावी. ठिकाण, तिथला एकच चांगला पदार्थ, जाण्याची योग्य वेळ, बंद असण्याचा दिवस आणि शेवटचे कधी खाल्ले ती तारीख, एवढे पाच रकाने पुरेत. तारखेचा रकाना सोडू नये, कारण सहा महिन्यांपूर्वीची नोंद ही नोंद नसून आठवण असते. मोबाइलवर सर्वांची मिळून एक यादी करायची असल्यास तीत तक्रारी लिहू नयेत. एका उशिरा आलेल्या डब्यावरून कोणाच्या चुलीवर पाणी ओतले जाते. तक्रार त्या माणसाला समोर सांगावी, आणि तीनदा सांगूनही फरक पडला नाही तर ओळ खोडून टाकावी.

शेवटचे सत्र संपण्याच्या पंधरा दिवस आधी मेसला सांगून ठेवावे, कूपने संपवावीत, अनामत दिली असेल तर ती मागून घ्यावी, टपरीवरची बाकी भागवावी आणि वही खालच्या वर्गातल्या एखाद्या खवय्याकडे द्यावी. गावी न्यायची चटणी निघायच्या दिवशी सकाळी घ्यावी, आणि डब्याला बाहेरून एक प्लॅस्टिकची पिशवी घालावी, कारण गाडी कुर्डुवाडीला पोहोचेपर्यंत तिचे तेल झाकणातून बाहेर येऊ लागते.